हवेचा टेकू

सीपॅप नावाच्या यंत्राचे पूर्वज शोधत गेलं, की आधी लंडनमधला एक व्हॅक्यूम क्लीनर भेटतो. मग सॅन फ्रान्सिस्कोतली अपुऱ्या दिवसांची बाळं भेटतात, टोरांटोच्या प्रयोगशाळेत झोपलेली कुत्री भेटतात आणि शेवटी सिडनीतला बांधकामावरचा एक माणूस भेटतो, ज्याला गळ्याला भोक पाडून घ्यायचं नव्हतं. आज आपल्याला दिसते ती उशाशी ठेवलेली छोटी पेटी, तिच्यातून निघालेली नळी आणि नाकावरचा मास्क. पहिल्या रात्री तो मास्क लावणाऱ्याला अनेकदा वाटतं, हे आपल्याच्यानं व्हायचं नाही. घरच्यांना वाटतं, याने जरा नेट धरायला हवा. ही कुळकथा त्या दोघांसाठी आहे. कारण माणसांनी हे यंत्र कसं सोसलं यापेक्षा, माणसांना ते सोसावं म्हणून यंत्र कसं बदलत गेलं, हाच तिचा मोठा भाग आहे.

आधी हे यंत्र ज्या आजारावर वापरतात, तो समजून घेऊ. जिभेच्या मागचा घसा मऊ असतो. त्याला हाडांची चौकट नसते. जागेपणी स्नायूच त्याला ताणून उघडा ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. शहाळ्यात भिजून मऊ झालेल्या कागदी नळीने जोरात ओढलं की ती चपटी होऊन मिटते, तसा काहींचा घसा श्वास आत ओढतानाच मिटतो. छाती-पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, स्नायू पुन्हा ताणले जातात, मोठा आवाज करत श्वास सुटतो आणि माणूस पुन्हा झोपी जातो. श्वासात असा १० सेकंद किंवा अधिक खंड पडला, की डॉक्टर त्याला ॲप्निया म्हणतात. पूर्ण थांबलेले आणि फार उथळ झालेले श्वास मिळून तासाला ५ पेक्षा कमी असतील तर ते सामान्य धरतात. १५ पासून मध्यम आणि ३० पासून तीव्र आजार मानतात. तीव्र आजार असलेल्याला एका रात्रीत शेकडो वेळा असं होतं. सकाळी त्याला त्यातलं काहीच आठवत नाही. फक्त डोकं जड असतं आणि दिवसा कुठेही डुलकी लागते.

एवढा मोठा त्रास शतकानुशतकं डोळ्यांआड राहिला, कारण घोरणं म्हणजे गाढ झोप असा सगळ्यांचाच समज होता. चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये जो नावाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे. तो उभ्या उभ्या झोपतो आणि घोरतो. ती कादंबरी १८३६-३७ची. १९५६ मध्ये अमेरिकेत बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लठ्ठपणा, पेंग आणि मंद श्वसन एकत्र असलेल्या आजाराला त्या कादंबरीवरूनच ‘पिकविकियन’ म्हटलं. पण झोपेत नेमकं काय होतं, हे रात्रभर रुग्णाशेजारी बसून मोजल्याशिवाय कळणार नव्हतं. १९६५ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय इथे गास्तो यांनी आणि जर्मनीत युंग व कुलो यांनी अशा नोंदी घेतल्या, तेव्हा श्वास पुन्हा पुन्हा तुटतो हे कागदावर दिसलं. पुढे स्टॅनफर्डमध्ये क्रिस्तियाँ गिलमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ‘स्लीप ॲप्निया सिंड्रोम’ हे नाव रूढ केलं आणि लठ्ठ नसलेल्यांनाही हा आजार होतो, हे ठसवलं.

आजार सापडला, पण त्यावरचा उपाय भयंकर होता. मिटणारी जागा टाळून खालीच वाट काढायची, म्हणजे ट्रॅकिऑस्टॉमी: मानेत पुढून श्वासनलिकेला भोक पाडून त्यात नळी बसवायची, दिवसा ती बंद ठेवायची आणि रात्री उघडायची. १९६९ मध्ये कुलो यांनी हा उपाय कळवला. तो लागू पडायचा. रुग्ण अक्षरशः एका रात्रीत माणसांत यायचे. पण त्यासाठी आयुष्यभर गळ्यात उघडं भोक बाळगावं लागे, ते रोज साफ करावं लागे आणि जंतुसंसर्गाची भीती कायम राही. नुसत्या घोरण्यासाठी एवढं कोण करून घेणार? ज्यांचा जीवच धोक्यात होता, तेवढेच तयार होत.

याच काळात दुसरीकडे हवेच्या दाबाची एक स्वतंत्र परंपरा वाढत होती. तिचा झोपेशी काहीच संबंध नव्हता. १९३६ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या ई. पी. पुल्टन यांनी हृदय थकून फुप्फुसांत पाणी साचलेल्या रुग्णांना मास्कमधून सतत दाबाची हवा दिली. ती हवा ते व्हॅक्यूम क्लीनरच्या फुंकणाऱ्या तोंडातून घेत. रुग्णाला जोडण्याआधी यंत्र काही मिनिटं चालवून आतली धूळ घालवावी, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. न्यूयॉर्कमध्ये ॲल्व्हन बराख हेच काम करत होते. दुसऱ्या महायुद्धात फार उंचावर उडणाऱ्या वैमानिकांना दाबाखाली प्राणवायू देण्यासाठीही हीच कल्पना कामी आली.

मग १९७१ साल आलं. सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज ग्रेगरी हे भूलतज्ज्ञ अपुऱ्या दिवसांच्या बाळांकडे पाहत होते. या बाळांची फुप्फुसं प्रत्येक उच्छ्वासाला मिटतात आणि प्रत्येक श्वासाला नव्याने फुगवावी लागतात. म्हणून ती बाळं श्वास सोडताना स्वरयंत्र अर्धवट बंद करतात आणि कण्हतात. ते कण्हणं म्हणजे आत थोडी हवा दाबून ठेवण्याची त्यांची स्वतःची धडपड असते. घशातून नळी घातली की तेवढंही त्यांना करता येत नाही. ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो दाब बाहेरून परत दिला. त्यांच्या पहिल्या २० बाळांपैकी १६ वाचली. आज नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात बबल सीपॅप दिसतं. त्यात उच्छ्वासाच्या नळीचं टोक पाण्यात बुडवलेलं असतं. जितके सेंटिमीटर खोल, तितका दाब. मोठ्या माणसांच्या यंत्रावर दाबाचा जो आकडा दिसतो, तोही याच सेंटिमीटर पाण्याच्या मापातला. १० सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाचा साधारण एक टक्का. घसा उघडा ठेवायला एवढासा जोर पुरतो.

या दोन परंपरा जुळल्या सिडनीत. कॉलिन सलिव्हन यांनी तिथे डेव्हिड रीड यांच्या हाताखाली संशोधन केलं होतं. झोपेत अचानक दगावणाऱ्या तान्ह्या बाळांचा प्रश्न रीड यांच्या मनाला लागलेला होता. पुढे सलिव्हन टोरांटोला एलियट फिलिप्सन यांच्याकडे गेले आणि प्रयोगशाळेत झोपायला शिकवलेल्या कुत्र्यांचं श्वसन अभ्यासू लागले. कुत्र्यांच्या तोंडावर घट्ट बसतील असे मास्क तयार करण्याचा अनुभव त्यांना तिथे मिळाला. १९७९ मध्ये ते सिडनी विद्यापीठात आणि रॉयल प्रिन्स आल्फ्रेड हॉस्पिटलमध्ये परतले.

जून १९८० मध्ये त्यांच्याकडे तीव्र ॲप्नियाचा एक रुग्ण आला. बांधकामावर काम करणारा, दिवसा झोपेने हैराण झालेला. ट्रॅकिऑस्टॉमी सुचवली होती, ती त्याला नको होती. नाकातून दाबाची हवा देऊन पाहायला मात्र तो एका रात्रीपुरता तयार झाला. तो झोपला, श्वास तुटू लागला, सलिव्हन यांनी दाब हळूहळू वाढवला आणि एका ठरावीक दाबाला घसा उघडाच राहिला. दाब कमी केला की श्वास पुन्हा अडे, वाढवला की मोकळा होई. शरीराला कित्येक वर्षं न मिळालेली स्वप्नांची गाढ झोप लगेच सुरू झाली. सकाळी तो ताजातवाना उठला. अशा पाच रुग्णांचा अहवाल सलिव्हन, इसा, बर्थन-जोन्स आणि ईव्ह्ज यांनी एप्रिल १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला. पाचही जणांना ४.५ ते १० सेंटिमीटर दाब पुरला होता.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हे यंत्र आपल्यासाठी श्वास घेत नाही. ते प्राणवायूही देत नाही. खोलीतलीच हवा गाळून पाठवतं. घसा मिटू नये म्हणून आतून हवेचा टेकू देतं, बस्स. श्वास ज्याचा त्यानेच घ्यायचा. ‘याची सवय लागली तर आपला श्वास कायमचा यंत्राच्या ताब्यात जाईल’ ही भीती आपल्याकडे फार जण मनात घेऊन बसतात. ती निराधार आहे. चष्म्याने डोळे आळशी होत नाहीत, तसा या टेकूने घसाही होत नाही.

आता उरला प्रश्न रोज रात्रीचा. सुरुवातीच्या रुग्णांनी काय सोसलं ते वाचताना त्यांच्याबद्दल आदर वाटतो. प्रत्येकाच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घेऊन फायबरग्लासचा मास्क बनवत. तो रोज रात्री सिलिकॉनच्या लुकणाने चेहऱ्यावर चिकटवायचा आणि सकाळी सोलून काढायचा. हवा फेकणारी मोटर व्हॅक्यूम क्लीनरच्या जातीची, आवाजही तसाच. असलं काही लावून कोणी आयुष्यभर झोपेल, यावर अनेक डॉक्टरांचा विश्वास बसेना. पण रुग्ण झोपले, कारण जागेपणीचं आयुष्य त्यांना परत मिळालं होतं.

यापुढे यंत्रात जे जे बदललं, त्याच्या मुळाशी कुणाची तरी तक्रार आहे. मास्क टोचतो, लुकण नको, म्हणून मऊ सिलिकॉनची अशी गादी आली जी यंत्राच्याच हवेने फुगून चेहऱ्यावर बसते. नाक कोरडं पडतं, सकाळी घसा जळतो, म्हणून कोमट वाफ देणारा ह्युमिडिफायर आला. डोळा लागण्याआधीच एवढा दाब सोसत नाही, म्हणून कमी दाबापासून हळूहळू चढणारा रॅम्प आला. श्वास बाहेर सोडताना हवेशी झुंजावं लागतं, म्हणून १९९० मध्ये पिट्सबर्गमध्ये सँडर्स आणि कर्न यांनी श्वास घेताना एक आणि सोडताना त्याहून कमी असे दोन दाब वापरून दाखवले. २०२१ मधल्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत घराघरांत ऐकू आलेलं बायपॅप ते हेच. रात्रभर एकच दाब लागत नाही. उताणं झोपलं की जास्त लागतो, कुशीवर कमी. म्हणून घशाची चाहूल घेत दाब बदलणारी ऑटो यंत्रं आली. १९८५ मध्ये अमेरिकेत रेस्पिरॉनिक्सने सीपॅप बाजारात आणलं. सलिव्हन यांचं तंत्र घेऊन १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात उभी राहिलेली कंपनी पुढे रेसमेड झाली.

ही सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. आवाजाच्या तक्रारीवर उपाय म्हणून यंत्रात ध्वनी शोषणारा फोम घातला गेला. काही फिलिप्स यंत्रांतला असा फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाऊ शकतात असं आढळल्यावर जून २०२१ मध्ये कंपनीने जगभरातली लाखो यंत्रं परत मागवली. रात्रभर नाकाशी असणाऱ्या वस्तूत कुठलाही भाग क्षुल्लक नसतो, हे त्यावरून सगळ्यांना कळलं.

आणि यंत्रं सुधारली तरी ती न वापरण्याचा प्रश्न उरलाच. १९९३ मध्ये अमेरिकेत क्रिब्ज आणि सहकाऱ्यांनी वापराची खरी मोजणी केली. किमान ४ तास, आणि तेही ७० टक्के दिवस, एवढा वापर निम्म्याहूनही कमी रुग्णांचा निघाला. आपण जास्त वापरतो, असं मात्र रुग्ण सांगत होते. पुढे अमेरिकेच्या विमा व्यवस्थेत पुरेशा वापराचा हाच उंबरठा झाला आणि यंत्रातली चिप रुग्णाची हजेरी घेऊ लागली. २०१६ मध्ये छापून आलेल्या ‘सेव्ह’ या मोठ्या चाचणीत सीपॅपमुळे हृदयविकाराचे झटके किंवा पक्षाघात कमी झालेले दिसले नाहीत. तिथला सरासरी वापर रात्री ३.३ तासांचा होता. पेंग मात्र कमी झाली आणि मनही हलकं झालं. म्हणजे यंत्राकडून चमत्काराची आशा धरू नये. त्याची जी खात्रीची देणगी आहे, ती जागेपणीच्या तासांची, आणि ती मिळायला यंत्र रात्रभर चेहऱ्यावर राहावं लागतं.

आपल्याकडे हा प्रश्न लहान नाही. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास करून २००४ मध्ये निष्कर्ष छापले. १९.५ टक्क्यांना झोपेतल्या श्वसनाचा विकार आणि ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसाची पेंगही होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी कारणांमध्ये ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, म्हणजे घसा मिटण्याचा हाच आजार, सांगितला. अनेक घरांनी हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तरी स्लीप स्टडी होते, यंत्र घरी येतं, आणि काही आठवड्यांत ते कपाटात जातं. मला ही फार मोठी हानी वाटते, कारण तिथे बहुतेकदा उपाय हरलेला नसतो. मास्कचा आकार चुकलेला असतो. तोंड उघडं पडून हवा निसटत असते. नाक आधीच चोंदलेलं असतं आणि त्याच्यावर कुणी औषध दिलेलं नसतं. एसीच्या खोलीत वाफ कमी पडते, किंवा पावसाळ्यात नळीत पाणी साचतं. दाब वर्षभरापूर्वी ठरवलेला असतो. यातलं प्रत्येक दुखणं दुरुस्त होणारं आहे.

म्हणून नव्याने मास्क लावणाऱ्याला सांगावंसं वाटतं: पहिले काही दिवस जागेपणीच, बसून टीव्ही पाहताना तो लावा. मास्क आडवं होऊन, हवा चालू ठेवूनच बसवून घ्या, कारण झोपल्यावर चेहऱ्याचा आकार बदलतो. काय होतंय ते पहिल्या एक-दोन आठवड्यांतच डॉक्टरांना सांगा आणि मास्कचा दुसरा प्रकार मागायला संकोच करू नका. आणि घरच्यांनी सकाळी ‘लावला होता का?’ असं विचारण्याऐवजी ‘कुठे त्रास होतोय?’ असं विचारावं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर चिपमध्ये असतंच. चिकटवायच्या फायबरग्लासपासून मऊ गादीपर्यंत हे यंत्र आलं ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणीतरी मन लावून ऐकलं म्हणून.