जेट्टीवर ठणठणीत, स्पीडला मिसिंग: आउटबोर्ड मोटरच्या ठिणगीची गोष्ट

आजच्या भागाचा हिरो एक बिघाड आहे.

होडीच्या मागे अडकवतात ती आउटबोर्ड मोटर. जेट्टीवर दोरी ओढली की चालू. हळू चालवा, मस्त चालते. पण स्पीड पकडून थोडं लांब गेलं की मिसिंग मारायला लागते. किनाऱ्यावर आणून प्लग काढून बघा, निळी ठिणगी छान पडते! आम्हा कोडिंगवाल्यांच्या भाषेत, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’.

यात जादू काही नाही. मोकळ्या हवेत ठिणगी पडायला कमी व्होल्टेज पुरतं. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून ती उडवायला बरंच जास्त लागतं. त्यात टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे दर फेरीला एक ठिणगी. 5000 आरपीएमला एका सिलिंडरमध्ये सेकंदाला 83! कॉइल गरम होऊन कुठे करंट लीक झाला, की चुकलीच ठिणगी.

आता 1909 मध्ये चला. अमेरिकेतलं मिलवॉकी. नॉर्वेत जन्मलेला ओले एव्हिनरूड दीड हॉर्सपॉवरची मोटर विकायला काढतो. वजन 62 पौंड, म्हणजे साधारण 28 किलो. त्याच्या वितळलेल्या आइस्क्रीमचा किस्सा सगळेच सांगतात, मला मात्र मोटरसोबतच्या बॅटरीतच जास्त रस आहे. ठिणगीसाठी करंट तिथूनच यायचा. कोरडे सेल, आणि आजूबाजूला सगळं पाणी!

यावर उपाय आला फ्लायव्हील मॅग्नेटोचा. फिरणाऱ्या चाकातच चुंबक बसवायचं, इंजिन स्वतःच वीज तयार करणार. पण हाताने दोरी ओढताना चाक हळू फिरतं, तेव्हा मॅग्नेटोची ठिणगी कमजोर. म्हणजे स्टार्टिंगला त्रास. गंमत बघा, 1921 च्या ‘एल्टो’ मोटरमध्ये खुद्द एव्हिनरूड पुन्हा बॅटरीवर गेला. एक बग सोडवला की दुसरा तयार, हे तेव्हाही होतंच.

मला सगळ्यात आवडतो तो 1939 चा प्रसंग. कार्ल किकहाफर नावाचा 32 वर्षांचा इंजिनिअर विस्कॉन्सिनमधल्या सीडरबर्गला एक बुडालेली कंपनी विकत घेतो. त्याला बनवायची होती वेगळीच यंत्रं. आत बघतो तर सुमारे 300 आउटबोर्ड मोटरी पडलेल्या. मॉन्टगोमेरी वॉर्ड या मोठ्या मेल-ऑर्डर कंपनीने खराब म्हणून परत केलेल्या. त्याला पैसे हवे होते. त्याने मोटरी खोलल्या, दुरुस्त केल्या, आणि त्याच गिऱ्हाईकाला पुन्हा विकल्या. त्या चालल्या, वर नवी ऑर्डरही आली. त्यातूनच पुढे ‘मर्क्युरी’ ब्रँड उभा राहिला. दुसऱ्याचे बग फिक्स करता करता स्वतःचं प्रॉडक्ट!

मॅग्नेटोत एक दुखणं उरलंच होतं, सीबी पॉइंट. दर ठिणगीला उघडझाप करणारे, घासणारे, गॅप बिघडणारे. 1960 च्या दशकाच्या शेवटी मोठ्या मोटरींमध्ये सीडीआय आलं. कपॅसिटरमध्ये चार्ज साठवायचा आणि इलेक्ट्रॉनिक स्विचने एकदम सोडायचा. व्होल्टेज इतक्या झपकन चढतं की लीक व्हायला वेळच मिळत नाही. काजळी धरलेला प्लगही पेटतो.

मग मिसिंग संपलं का? नाही ना! ठिणगी सुधारली, पण पेट्रोल तिथेच. हळू चालताना इंजिनला चमचाभर पुरतं, स्पीडला भरपूर लागतं. टाकीचं हवेचं भोक बंद असेल किंवा फ्युएल पंप थकला असेल, तर उपासमार सुरू.

म्हणून एक साधी टेस्ट. मोटर स्पीडला मिसिंग मारत असताना दुसऱ्या कुणाला पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबायला सांगा. सुधारली, तर दोष पेट्रोलच्या बाजूला. नाही सुधारली, तर कॉइल, प्लग, वायरी बघा. ‘किनाऱ्यापर्यंत रेटू’ म्हणून फुल थ्रॉटल मात्र नको. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळत असाल, तर पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. पिस्टन तापून जाम झाला, की वल्ही हातात घ्यायची. बरोबर आणली असतील तर!