रेकॉर्ड की डिजिटल? घरच्या श्रवणाचा हिशेब

नांदेड-लातूरकडील एखाद्या जुन्या घराचा माळा आवरताना पुठ्ठ्याच्या पाकिटांतील तबकड्यांचा गठ्ठा हाती लागतो. मोबाइलवर गाणे क्षणात मिळत असताना हा गठ्ठा भंगारात द्यावा की जपावा, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर आवाजाच्या गुणवत्तेइतकेच आपल्याकडील हवामानावरही अवलंबून आहे.

फरक कशात?

तबकडीच्या खाचेत ध्वनिलहरींचा आकारच कोरलेला असतो. सुई त्यावरून फिरताना होणाऱ्या कंपनांचे विद्युत संकेतांत रूपांतर होते. डिजिटल पद्धतीत ध्वनीची मोजणी होते. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत ती सेकंदाला ४४,१०० वेळा केलेली असते. अत्यंत मंद व अत्यंत मोठा आवाज यांतील अंतर सीडीत सुमारे ९६ डेसिबल, तर चांगल्या एलपीत साधारण ६० ते ७० डेसिबल असते. मोजमापात डिजिटल सरसच आहे. रेकॉर्डचा म्हणून जो गोडवा सांगितला जातो, त्यात सुई, खाच व अ‍ॅम्प्लिफायर यांनी घातलेली भरही असते.

शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला वेळही महत्त्वाचा वाटतो. लाखेच्या, ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते. १९४८ साली अमेरिकेत आलेल्या एलपीची बाजू सुमारे २० मिनिटे चालते. डिजिटल माध्यमात तासाभराचा ख्यालही अखंड ऐकता येतो.

ऊन, धूळ आणि पाणी

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. पत्र्याखालच्या तापलेल्या खोलीत किंवा बंद मोटारीत विनाइलची तबकडी वाकते. तबकड्या थंड खोलीत, उभ्या ठेवाव्यात. एकावर एक रचू नयेत. बोअरच्या जड पाण्याने धुतल्यास खाचांत क्षार बसतात; त्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर वापरावे. लाखेच्या तबकडीला स्पिरिट मुळीच लावू नये, कारण लाख त्यात विरघळते.

मग करावे काय?

रोजच्या श्रवणासाठी डिजिटल सोयीचे. मात्र घरातील काही मुद्रणे बाजारात डिजिटल रूपात मिळतीलच असे नाही. ती उतरवून घ्यावीत. लाखेच्या तबकडीला एलपीपेक्षा रुंद टोकाची सुई लागते. सीडीच्या दर्जाची ४० मिनिटांची एलपी सुमारे ४०० एमबी जागा घेते.

फाइलही अमर नसते. हार्ड डिस्क अचानक बंद पडते. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने एका रात्रीत घरेच्या घरे नाहीशी झालेली या भागाने पाहिली आहेत. म्हणून दोन प्रती दोन वेगळ्या गावी ठेवाव्यात.

आणि तबकडीही टाकू नये. उतरवताना राहिलेली चूक उद्या चांगल्या यंत्रावर सुधारता येईल, पण त्यासाठी मूळ तबकडी घरात असावी लागेल.