पट्टी भरणारे आणि भाडे भरणारे

धनवान उमेदवारास सामान्य मतदाराचे अंतरंग कळते काय, हा प्रश्न मुंबईच्या नगरकारभारात दीर्घकाळ उद्भवलाच नाही. कारण 1872च्या कायद्याने जी 64 सभासदांची महापालिका स्थापन झाली, तीत निम्मेच सभासद करदात्यांनी निवडावयाचे होते, आणि करदाता म्हणजे वर्षाकाठी किमान 50 रुपये पट्टी भरणारा, असा दंडक होता. गिरणगावातील चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत सहकुटुंब राहणारा मजूर भाडे भरी, त्या भाड्यातूनच मालकाची पट्टी निघे. तथापि दप्तरी नाव चढे ते मालकाचे आणि मतही त्याचेच. नळ सामाईक, शौचकूप सामाईक, आणि त्यांविषयीची तक्रार ज्याच्याकडे न्यावयाची तो सभासद बहुधा घरमालकांच्याच मतांवर निवडून आलेला! फिरोजशहा मेहतांसारखा संपन्न बॅरिस्टर नगरहितासाठी सरकारशी झुंजला, हे मान्यच केले पाहिजे. संपत्तीने दृष्टी मंदावतेच असे नाही. परंतु ज्याच्या उंबरठ्यावर मत मागण्यास जावे लागत नाही, त्याचे दुःख ऐकण्याची सक्तीही नसते. 1896 साली मांडवीत प्लेग उद्भवला, तेव्हा कोठे कोंदट वस्त्यांकडे सरकारचे लक्ष वेधले. पुढे 1922 साली मासिक 10 रुपये भाडे देणाऱ्यास मत मिळाले. मात्र कामगाराच्या खोलीचे भाडे बहुधा त्याहून कमी असल्याने तो बाहेरच राहिला. प्रौढ मताधिकारावर महापालिकेची निवडणूक झाली ती 1948 साली.