नळदुर्गचा हुलमुख दरवाजा : पाण्याने राखला, पुलावर हरला

१/ धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. पण पाण्याच्या बळावर उभा राहिलेला एक किल्ला आहे. सोलापूर-हैदराबाद मार्गावरचा नळदुर्ग. आज ज्या हुलमुख दरवाजातून पर्यटक आत जातात, त्याची ही कहाणी. 🧵

२/ बहामनी राज्य फुटल्यावर नळदुर्ग विजापूरच्या आदिलशाहीकडे आला. पलीकडे अहमदनगरची निजामशाही. सीमेवरचा हा किल्ला दोघांनाही हवा होता. पहिल्या अली आदिलशहाच्या कारकिर्दीत (१५५८-१५८०) त्याला काळ्या दगडाची भक्कम तटबंदी लाभली.

३/ दख्खनी दुर्गरचनेचा एक नियम होता : दरवाजा शत्रूला थेट समोर येऊ द्यायचा नाही. वाट वळवायची आणि दोन्ही बाजूंना तट-बुरूज उभारायचे. हत्तीला धावत येऊन धडक द्यायला जागाच उरत नाही, आणि वळणावर थबकलेली फौज वरच्या माऱ्यात सापडते.

४/ उरलेले काम बोरी नदीने केले. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, नदीवर धरण बांधून किल्ला समोरच्या रणमंडळाशी जोडला गेला. धरणाच्या पोटातच पाणीमहाल आहे. पावसाळ्यात त्याच्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात.

५/ १६८६ मध्ये आदिलशाही बुडाली. पुढे नळदुर्ग निजामाकडे गेला. १८५३ च्या तहाने हा मुलूख इंग्रजांच्या हाती आला आणि 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'चा लेखक मेडोज टेलर येथे कारभार पाहू लागला. १८६० मध्ये मुलूख निजामाला परत मिळाला.

६/ मग १३ सप्टेंबर १९४८. सोलापूरहून निघालेल्या भारतीय सैन्याने पहाटे बोरीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला आणि नळदुर्गजवळचा प्रतिकार मोडून काढला. काही तासांत रणगाडे जळकोटकडे सरकले. हत्तींसाठी आखलेल्या दरवाजाचे महत्त्व संपले होते. आता रस्ता ज्याचा, त्याचा मुलूख. पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, हैदराबादने शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन तो हाच.

७/ आज किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे. स्मारक संगोपन योजनेखाली त्याची देखभाल खासगी कंपनीकडे सोपवली गेली. बागा, नौकाविहार आले आणि गर्दीही आली. पडक्या वास्तूला त्यामुळे राखणदार मिळाला, हे खरे. पण सहलीचे ठिकाण आणि इतिहासाचा पुरावा या दोन्ही गोष्टी एकाच तटात सांभाळणे सोपे नाही.

८/ म्हणून नळदुर्गला गेलात, तर थेट धबधब्याकडे धावू नका. हुलमुखाच्या वळणावर क्षणभर थांबा आणि वर पाहा. तिथल्या दगडावर नाव कोरण्याचा मोह मात्र आवरा. तोफा झेललेल्या तटाला आता आपल्यापासूनच जपायचे आहे.