ध्वज, स्मृती आणि शेजारी

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत एका ध्वजावरून दीर्घकाळ वाद चालत आला आहे. लाल वस्त्रावर निळा तिरपा क्रूस व त्यात पांढरे तारे, असे त्याचे रूप. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात, संघराज्यातून फुटून निघालेल्या राज्यांच्या सैन्याने तो रणांगणावर मिरविला. समर्थक म्हणतात, हा आमच्या पूर्वजांच्या शौर्याचा ध्वज आहे. कृष्णवर्णीय म्हणतात, हा आमच्या पूर्वजांच्या गुलामगिरीचा ध्वज आहे. दोन्ही पक्षांत ख्रिस्ती लोक आहेत. म्हणून हा प्रश्न ख्रिस्तसभेचाही आहे.

प्रथम इतिहासाची साक्ष घेऊ. फुटीर राज्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथे स्पष्ट सांगितले की, कृष्णवर्णीय मनुष्य गोऱ्याच्या बरोबरीचा नाही व गुलामगिरी हीच त्याची स्वाभाविक स्थिती होय, या तत्त्वावर आमचे शासन उभे आहे. एखादा शिपाई कोणत्या हेतूने लढला हा प्रश्न निराळा. ज्या राज्यासाठी तो लढला, त्याचा पाया मात्र त्या राज्याच्या धुरीणांनीच सांगून ठेवला आहे. पुढे १९४८ मध्ये वर्णविभाजनाच्या कैवाऱ्यांनी हाच ध्वज आपल्या राजकीय सभांत आणला. १९६१ मध्ये युद्धाच्या शताब्दीनिमित्त साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनावर तो चढला. शताब्दी संपली, पण ध्वज उतरला नाही. २००० मध्ये तो घुमटावरून काढून प्रांगणात लावण्यात आला, इतकेच.

त्याच राज्यातील चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये १७ जून २०१५ च्या रात्री, बायबल अभ्यासास बसलेल्या नऊ कृष्णवर्णीय भाविकांची एका गोऱ्या तरुणाने हत्या केली. पाळक क्लेमेंटा पिंकनी त्यांत होते. मारेकऱ्याने त्या ध्वजासह स्वतःची छायाचित्रे काढलेली होती. शोकार्थ विधानभवनावरील ध्वज अर्ध्यावर आले. प्रांगणातील हा ध्वज मात्र, त्याला कायद्याचे संरक्षण असल्यामुळे, पूर्ण उंचीवरच राहिला. १० जुलै रोजी तो उतरवून संग्रहालयाकडे सोपविण्यात आला. यामुळे इतिहास पुसला गेला नाही. संग्रहालयातील ध्वजाचा अभ्यास होतो. शासनाच्या स्तंभावरील ध्वजाला मान द्यावा लागतो. भेद आहे तो हा.

दक्षिणी बाप्टिस्ट संघाची स्थापनाच १८४५ मध्ये, गुलामांच्या मालकास मिशनरी नेमावे की नाही, या वादातून झाली. १९९५ मध्ये संघाने या पापाबद्दल क्षमा मागितली. २०१६ मध्ये हा ध्वज लावू नये, असा ठराव त्याच्यापुढे आला. काहींच्या दृष्टीने ध्वज द्वेषाचे नव्हे, तर मृत आप्तांच्या स्मृतीचे चिन्ह आहे, असे मसुद्यात एक वाक्य होते. ते गाळावे, अशी सूचना माजी अध्यक्ष जेम्स मेरिट यांनी केली. त्यांचे स्वतःचे पूर्वज त्या सैन्यात लढले होते. सभेने सूचना स्वीकारली.

येथे पौलाची शिकवण आठवते (१ करिंथ ८). मूर्तीला दाखविलेला नैवेद्य खाणाऱ्याचे ज्ञान खोटे नव्हते, त्याचे मनही मलिन नव्हते. तरीही पौल निर्णय त्याच्या ज्ञानावर सोपवीत नाही. ज्याच्यासाठी ख्रिस्त मरण पावला त्या बंधूचे काय होते, हे तो विचारतो. मोशेने देवाच्या आज्ञेने केलेला पितळी सर्पही, लोक त्यापुढे धूप जाळू लागले तेव्हा, हिज्कीया राजाने फोडून टाकला (२ राजे १८:४). आरंभीच्या पवित्र हेतूने त्या सर्पाचे रक्षण झाले नाही. या ध्वजाचा तर आरंभही पवित्र नव्हता.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केले. गुलामांचे दुःख व येथील शूद्रातिशूद्रांचे दुःख यांतील नाते त्यांनी ओळखले होते. आपल्या मंडळ्यांतही कुळाचा मान, बसण्याची जागा, दफनभूमीतील वाटणी यांविषयी ‘ही तर आमची परंपरा’ असे म्हटले जाते. त्या परंपरेचा अर्थ काय, हे ती मिरविणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. जो तिच्याखाली दबला होता त्याला प्रथम विचारावे, आणि त्याचे उत्तर ऐकून घेण्याइतके नम्र व्हावे.