आयाहुआस्का शिबिरे

आयाहुआस्का शिबिरे : ॲमेझॉनच्या खोऱ्यातील आयाहुआस्का हा काढा तिथल्या वैद्यांच्या देखरेखीखाली घेऊन नैराश्य, शोक, व्यसन किंवा जुना मानसिक आघात यांतून सावरता यावे म्हणून भरणारी निवासी शिबिरे. पेरूतील इकितोस, पुकाल्पा आणि तारापोतो या शहरांच्या आसपास ती सर्वाधिक आहेत. ब्राझील, इक्वाडोर, कोलंबिया आणि कोस्टा रिका येथेही भरतात. शिबिर सहसा आठवडाभर ते बारा दिवस चालते आणि त्यांतल्या तीन ते पाच रात्री काढा दिला जातो. येणारे बहुसंख्य लोक उत्तर अमेरिका व युरोपातले असतात आणि बऱ्याच जणांचे औषधोपचार व समुपदेशन करून झालेले असते. या शिबिरांबद्दल बोलताना लोकांना दृश्यांचे आणि भासांचे कुतूहल अधिक असते. उपचाराचे बरेवाईट मात्र वेगळ्याच गोष्टींवर ठरते : काढा कोणाला द्यायचा नाही हे आधी कोणी तपासले, रात्रभर जवळ कोण बसले आणि माणूस घरी परतल्यावर त्याची विचारपूस कोणी केली.

काढ्यात मुख्यतः दोन वनस्पती असतात. एक बॅनिस्टेरिऑप्सिस कापी ही दणकट वेल. आयाहुआस्का हे नाव मुळात तिचेच. दुसरी चाक्रुना (सायकोट्रिया विरिडिस), कॉफीच्या कुळातले झुडूप. चाक्रुनाच्या पानांत डायमिथाइलट्रिप्टामीन, म्हणजे डीएमटी, हे भास घडवणारे द्रव्य असते. ते नुसते गिळले तर काही होत नाही, कारण आतड्यातले आणि यकृतातले मोनोअमाइन ऑक्सिडेझ हे विकर त्याचा लगेच निकाल लावते. वेलीतली हार्मिन, हार्मालिन ही द्रव्ये त्या विकराला काही तास रोखून धरतात आणि डीएमटी मेंदूपर्यंत पोचते. हजारो वनस्पतींच्या जंगलातून नेमकी ही जोडी माणसांना कशी सापडली, याचे खात्रीचे उत्तर नाही. हार्मिनचे नाव हरमल या झुडपावरून पडले आहे. दृष्ट लागू नये म्हणून इराणपासून उत्तर भारतापर्यंत ज्याच्या बिया निखाऱ्यावर टाकतात तेच हे हरमल. काढा करताना वेलीचे तुकडे लाकडी मोगरीने ठेचून त्यांचे तंतू सुटे करतात, मोठ्या पातेल्यात ठेचलेली वेल आणि पाने यांचे थर लावतात, पाणी ओततात आणि चुलीवर तासन्‌तास उकळतात. मग गाळून ते पाणी पुन्हा आटवतात. शेवटी उरते ते काकवीसारखे दाट, गडद तपकिरी आणि जिभेवर बराच वेळ रेंगाळणारे कडू द्रव्य.

युरोपीय विज्ञानाला या वेलीची ओळख इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड स्प्रूस याने करून दिली. १८५२ मध्ये ब्राझीलमधील उआउपेस नदीकाठी एका उत्सवात त्याने काढा पाहिला, थोडा चाखला आणि वेलीचे नमुने इंग्लंडला पाठवले. हा काढा किती जुना आहे याबद्दल मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. शिबिरांच्या जाहिरातींत पाच हजार वर्षांची परंपरा सहज सांगितली जाते. तसा भक्कम पुरावा नाही. बोलिव्हियाच्या डोंगराळ भागातील एका गुहेत सुमारे हजार वर्षांपूर्वीचे चामडी गाठोडे सापडले. त्यात कोल्ह्याची तीन मुस्कटे शिवून केलेली एक पिशवी होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीत या गाठोड्यातील वस्तूंवर हार्मिन आणि डीएमटी या दोन्हींचे अंश आढळले. पण ती द्रव्ये एकत्र उकळून पीत होते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. मानववंशशास्त्रज्ञ पीटर गो आणि संगीताभ्यासक बर्न्ड ब्राबेक दे मोरी यांच्या मते आजच्या पद्धतीचा आयाहुआस्का-उपचार पेरूच्या ॲमेझॉन भागात गेल्या दोन-तीनशे वर्षांत, मिशनरी वसाहती आणि रबराच्या व्यापाराच्या वाटेने पसरला. हे खरे मानले तरी परंपरेचे मोल उणावत नाही. लूट, साथीचे रोग आणि वेठबिगारी सोसलेल्या समाजांनी आपल्या दुखण्यांसाठी घडवलेले वैद्यक म्हणून ते अधिकच लक्षपूर्वक पाहावे लागते.

मनाच्या दुखण्यावर हा काढा देणे ही परदेशी पाहुण्यांनी आणलेली कल्पना नव्हे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्लीन डॉबकिन दे रिओस यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस इकितोसमधील बेलेन या गरीब, पुराच्या पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तीत काम केले. तिथे लोक वैद्याकडे जात ते सुस्तो म्हणजे दचकून बसलेली भीती, एन्व्हिदिया म्हणजे कोणाच्या तरी मत्सराने झालेला अपाय, सालादेरा म्हणजे पाठ न सोडणारे दुर्दैव, अशा तक्रारी घेऊन. नवरा सोडून गेला, काम मिळत नाही, शेजाऱ्याने करणी केली. या सगळ्यांत दुःख एकट्या माणसाच्या मनात बसलेले नसते, ते दोन माणसांच्या मध्ये असते. उकायाली नदीकाठच्या शिपिबो-कोनिबो लोकांत तर पूर्वी काढा बहुधा वैद्यच पीत असे. रोगी समोर बसे वा निजे. ओनान्या, म्हणजे जाणता वैद्य, काढ्याच्या अमलात त्याचे दुखणे ‘पाही’ आणि गाऊन ते दूर करी. आज शिबिरात प्रत्येक पाहुण्याच्या हाती पेला येतो. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या बदलाने उपचाराचा सगळा तोल हलवला आहे, कारण जी विद्या वैद्याच्या अंगी मुरवायला वर्षे लागत तिचा अनुभव आता पाहुण्याला एका रात्रीत पेलावा लागतो.

वैद्य होण्याची वाट दिएता नावाच्या व्रतातून जाते. शिकाऊ माणूस महिनोन्‌महिने एकांतात राहतो, मीठ, साखर, तेल, डुकराचे मांस, दारू आणि शरीरसंबंध वर्ज्य करतो, उकडलेली केळी आणि थोडे मासे खातो आणि एकेका झाडाचा अर्क पिऊन त्या झाडाची ‘शिकवण’ घेतो. ती शिकवण गाण्यांच्या रूपाने मिळते असे मानतात; ही गाणी म्हणजे इकारो. शिबिरातल्या पाहुण्यांनाही याच पथ्याची सौम्य आवृत्ती पाळायला सांगतात.

परदेशी लोकांचा ओघ टप्प्याटप्प्याने वाढला. विल्यम बरोज आणि ॲलन गिन्सबर्ग या अमेरिकन लेखकांच्या पत्रांचे पुस्तक १९६३ मध्ये निघाले आणि साहसी तरुण ॲमेझॉनकडे वळू लागले. १९९२ मध्ये जाक माबी या फ्रेंच डॉक्टरने तारापोतो येथे ताकिवासी हे केंद्र काढले. तिथे व्यसनाधीन लोकांवर वनस्पती-उपचार आणि मानसोपचार एकत्र केले जातात, मुक्काम काही महिन्यांचा असतो आणि काढा हा उपचाराचा एकच भाग असतो. २००६ मध्ये किरा सालाक या लेखिकेने नॅशनल जिओग्राफिक ॲडव्हेंचर मासिकात आपले नैराश्य पेरूमधील शिबिरानंतर हटल्याचे लिहिले आणि त्या लेखाने पर्यटनाला मोठी गती दिली. पेरूच्या उरलेल्या भागाशी रस्त्याने न जोडलेले, विमानाने किंवा होडीनेच गाठता येणारे इकितोस आज या पर्यटनाचे ठिकाण आहे. बेलेनच्या बाजारातील पासाखे पाकितो या गल्लीत काढ्याच्या तयार बाटल्याही मिळतात. ती बाटली कोणी, कशापासून उकळली हे विकणाराही सांगू शकत नाही. असला काढा कोणी घेऊ नये.

शिबिरातली रात्र मालोका या गोल, शाकारलेल्या लाकडी घरात सुरू होते. भिंतीलगत गोलाकार गाद्या, प्रत्येकीशेजारी एक बादली, मध्ये वैद्य. अंधार पडल्यावर वैद्य मापाचो या कडक तंबाखूचा धूर बाटलीत फुंकतो, एकेकाला बोलावून लहान पेल्यात काढा देतो, स्वतः पितो आणि मेणबत्ती विझवतो. अर्धा-पाऊण तास फक्त बेडकांचा आणि किड्यांचा आवाज. मग कोणाला तरी ओकारी होते, दुसरा रडू लागतो आणि अंधारातून इकारो सुरू होतो. शिपिबो वैद्य प्रत्येकासमोर जाऊन बसतात आणि त्याच्यासाठी वेगळे गातात. भीती चढली की गाण्याचा वेग आणि पट्टी बदलते; अनुभवी वैद्य याच एका साधनाने माणसाला धरून ठेवतो. उलटी आणि जुलाब हा बिघाड मानला जात नाही, तो उपचारच आहे. काढ्याला स्थानिक बोलीत पुर्गा, म्हणजे रेचक, असेही म्हणतात. चार-पाच तासांनी अंमल उतरतो. सकाळी सगळे गोल बसून रात्री काय झाले ते बोलतात. चांगल्या शिबिरात ही सकाळची बैठक रात्रीइतकीच महत्त्वाची समजतात.

गुण येतो का? सर्वांत नेटकी चाचणी ब्राझीलमधील नाताल शहरात झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधांनी न हटलेले नैराश्य असलेल्या २९ रुग्णांपैकी १४ जणांना आयाहुआस्काचा एक डोस आणि १५ जणांना तसेच कडू, पोट ढवळणारे निरुपद्रवी द्रव दिले. सातव्या दिवशी पहिल्या गटातील ६४ टक्के आणि दुसऱ्यातील २७ टक्के रुग्णांना लक्षणीय उतार पडला होता. आशा वाटावी असाच हा आकडा आहे. पण ही चाचणी लहान होती, निष्कर्ष सात दिवसांचा होता आणि ती रुग्णालयात झाली. रुग्णांची आधीची औषधे देखरेखीखाली थांबवली होती, चित्तभ्रम किंवा द्विध्रुवी विकार असलेल्यांना घेतलेच नव्हते. जंगलातल्या शिबिराच्या जाहिरातीत हा ६४ टक्क्यांचा आकडा येतो, या अटी येत नाहीत.

त्या अटी गाळल्या की काय होते हेही नोंदले गेले आहे. दहा हजारांहून अधिक आयाहुआस्का घेणाऱ्यांच्या जागतिक पाहणीत, जी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, सुमारे ५६ टक्के लोकांनी पुढच्या दिवसांत वा महिन्यांत मानसिक त्रास झाल्याचे सांगितले आणि त्यांतल्या साधारण १२ टक्क्यांना व्यावसायिक मदत घ्यावी लागली. बहुतेकांनी तो त्रास बरे होण्याचाच भाग मानला, तरी ही मदत कुठून मिळणार हा प्रश्न उरतोच. नैराश्यावरची एसएसआरआय गटातील औषधे, ट्रॅमाडॉल किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध यांच्यावर हा काढा घेतला तर सेरोटोनिन सिंड्रोम होऊन जीवही जाऊ शकतो. फ्लुओक्सेटिन तर बंद केल्यावर सुमारे पाच आठवडे शरीरातून पुरते जात नाही. आणि शिबिराची तारीख जवळ आली म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध सोडणे हा वेगळाच धोका आहे. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनिया वा द्विध्रुवी विकार असेल, हृदयविकार असेल, रक्तदाब ताब्यात नसेल, तर काढा घेऊच नये. काही ठिकाणी भास वाढावेत म्हणून काढ्यात तोए घालतात. ते धोत्र्याच्या कुळातले झाड. त्यातले स्कोपोलामीन माणसाला कित्येक तास पूर्ण भ्रमात टाकते आणि मृत्यूही घडवते. पेरूमध्ये शिबिरांत पाहुण्यांचे मृत्यू झाले आहेत, आणि अंमल चढलेल्या स्त्रियांशी वैद्यांनी वा सहायकांनी गैरवर्तन केल्याच्या तक्रारी वारंवार पुढे आल्या आहेत. त्या अवस्थेत संमती देता येत नाही, एवढे साधे तत्त्व प्रत्येक शिबिराने दारावर लिहून ठेवावे. एकट्या बाईने शिबिर निवडताना स्त्री-सहायक रात्रभर मालोकात असते का, हे पहिले विचारावे.

ज्यांची ही विद्या, त्यांच्या वाट्याला काय आले हा या विषयाचा दुखरा भाग आहे. १९८६ मध्ये एका अमेरिकन नागरिकाला या वेलीच्या एका वाणावर चक्क पेटंट मिळाले. ॲमेझॉनमधील आदिवासींच्या संघटनेने त्याविरुद्ध दाद मागितली. १९९९ मध्ये ते रद्द झाले, २००१ मध्ये पुन्हा दिले गेले आणि मुदत संपल्यावरच सुटले. हळदीचे पेटंट १९९७ मध्ये रद्द करून घेताना डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने जुने छापील पुरावे मांडले होते. जी विद्या गाण्यांतून आणि पथ्यांतून चालत आली, तिच्या पाठीशी असे कागद नव्हते. पेरू सरकारने २००८ मध्ये आयाहुआस्काचे पारंपरिक ज्ञान राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केले, पण शिबिरांची मालकी आणि नफा बराचसा परदेशी हातांतच राहिला. १९ एप्रिल २०१८ रोजी ओलिव्हिया आरेव्हालो या ८१ वर्षांच्या ख्यातनाम शिपिबो वैद्य स्त्रीची तिच्या गावात गोळ्या घालून हत्या झाली. वनस्पती-उपचार शिकायला आलेल्या एका कॅनेडियन माणसावर संशय होता. जमावाने त्याचाही जीव घेतला. त्याच वर्षी यारिनाकोचा येथे शिपिबो वैद्यांनी एकत्र येऊन आपली संघटना उभी केली. शिबिर निवडताना वैद्य कोणत्या गावचा, कोणाकडे शिकला आणि पैशातला किती वाटा त्याच्या गावी जातो, हे विचारण्याचा पाहुण्याला पूर्ण हक्क आहे. खरा वैद्य ते आनंदाने सांगतो.

ब्राझीलमधील सांतो दाइमे आणि उनियाँव दो व्हेजेताल या पंथांत हाच काढा प्रसाद म्हणून घेतला जातो. तिथे तो शिबिराचा नव्हे, वर्षानुवर्षांच्या उपासनेचा भाग असतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दुसऱ्या पंथाच्या बाजूने एकमताने निर्णय दिला. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मात्र बंदी उचलून धरली. १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार डीएमटी नियंत्रित द्रव्य आहे. भारतात ते गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ खाली येते, आणि या कायद्यात जामीन मिळणे कठीण असते. पेरूच्या बाजारात उघड विकली जाणारी बाटली सामानातून मुंबईच्या विमानतळावर आणली तरी हाच कायदा लागू होतो. शिबिर गोव्यात भरवले तरी तोच.