आरशाचा हात

जुन्या अमेरिकन पिकअपच्या दारांबाहेर दोन्ही अंगांना उभे, लांबट आरसे दिसले की समजावं, ही गाडी कधीतरी ओढकामाला जुंपलेली होती. बघणाऱ्याची नजर आधी चकचकीत काचेवर जाते. मी मात्र आधी ती काच धरणारी दांडी बघतो. या आरशाचं सगळं कूळ त्या दांडीत आहे.

पहिली दांडी म्हणजे माणसाचा हात. १९०९ साली डोरोथी लेव्हिट या इंग्लिश शर्यतपटू बाईंचं ‘द वुमन अँड द कार’ हे पुस्तक आलं. गाडी चालवताना एक छोटा हातआरसा जवळ ठेवा, गर्दीत तो मधूनमधून वर धरा आणि मागे काय चाललंय ते बघा, असा सल्ला त्यांनी त्यात बायकांना दिला होता. एका हातात चाक, दुसऱ्या हातात आरसा.

त्यानंतर दोन वर्षांनी, ३० मे १९११ रोजी, इंडियानापोलिसला ५०० मैलांची पहिली शर्यत झाली. इतर गाड्यांत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसायचा आणि मागून कोण येतंय ते ओरडून सांगायचा. आपल्याकडे ट्रकचा किन्नर डाव्या खिडकीतून मान बाहेर काढून जे काम करतो, तेच. रे हॅरून यांची पिवळी ‘मार्मन वास्प’ मात्र एकाच माणसाची होती. मागचं दिसणार नाही म्हणून प्रतिस्पर्ध्यांनी हरकत घेतली, तेव्हा हॅरून यांनी समोर ३ इंच बाय ८ इंचांचा आरसा बसवला. १९०४ साली शिकागोत एका घोडागाडीवर असा आरसा पाहिला होता, असं ते सांगत. ताशी सरासरी ७४.६ मैलांनी त्यांनी शर्यत जिंकली आणि आरशाचंही नाव झालं. पुढे त्यांनीच कबूल केलं, की ३२ लाख विटा बसवलेल्या त्या धावपट्टीवर आरसा इतका थरथरत होता की त्यात काही दिसलंच नाही.

हॅरून यांची ही कबुली मला त्यांच्या विजयाइतकीच मोलाची वाटते, कारण दुखणं कुठे आहे ते तिनं दाखवलं. आरसा जितका वळतो, त्याच्या दुप्पट नजर वळते. आरसा एक अंश हलला तर दृश्य दोन अंश सरकतं. दोन अंश म्हणजे शंभर फूट मागच्या गाडीच्या बाबतीत साडेतीन फूट. म्हणजे दांडीनं नुसता एक अंश अंग हलवलं, तर मागची मोटार आपल्या लेनमध्ये आहे की शेजारच्या, हेच कळेनासं होतं. काच कितीही उत्तम असो, तिला धरणारा हात कापरा असेल तर ती कुचकामी.

पिकअपला बरीच वर्षं या कापऱ्या हातानं फारसं सतावलं नाही. मागे उघडा हौदा असायचा, त्यात गवताच्या गाठी नाहीतर दुधाचे कॅन. केबिनमधल्या छोट्या आरशातून मागच्या काचेपलीकडचा रस्ता दिसायचा. चालकाच्या बाजूला एका बारीक दांडीवर गोल आरसा असला की काम भागे. दुसऱ्या बाजूच्या आरशासाठी सहसा वेगळे पैसे मोजावे लागत, आणि शेतकरी ते मोजत नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या हौद्यावर घर चढलं. सुट्टीत मुलाबाळांसह हिंडणारी कुटुंबं पिकअपच्या पाठीवर लाकडी-पत्र्याची खोली ठेवू लागली किंवा मागे चाकांचं घर ओढू लागली. कादंबरीकार जॉन स्टाइनबेक १९६०च्या शरदात असंच घर पाठीवर घेतलेली जीएमसी पिकअप घेऊन अमेरिका बघायला निघाले. डॉन किहोटेच्या घोड्यावरून गाडीचं नाव ठेवलं ‘रोसिनांते’. ती गाडी आजही कॅलिफोर्नियातल्या सलिनास गावी त्यांच्या संग्रहालयात उभी आहे. शेवरोलेनं तर १९६८ साली पाठीवरच्या या घरांसाठीच साडेआठ फुटी हौद्याची ‘लाँगहॉर्न’ काढली. पण हौद्यावर घर चढलं की केबिनमधल्या आरशात दिसणार काय? भिंत.

म्हणून नजर बाहेर काढावी लागली. किती बाहेर, याचा हिशोब सरळ आहे. १९५६च्या महामार्ग कायद्यानं आंतरराज्य रस्त्यांवर गाडीची कमाल रुंदी ९६ इंच ठरवली होती आणि मोठे ट्रेलर त्या मापाच्या आसपास बांधले जात. पिकअपची रुंदी सुमारे ८० इंच. म्हणजे ट्रेलर दोन्ही अंगांना आठ-आठ इंच, जवळजवळ एक वीत, बाहेर डोकावणार. त्याच्या भिंतीलगतचा रस्ता दिसायचा तर आरसा त्या वीतभराच्याही पलीकडे न्यायला हवा. आणि दांडी जितकी लांब, तितका थरकाप जास्त.

यावरचा तोडगा लांब पल्ल्याच्या मोठ्या ट्रकांकडे आधीच होता. त्यांच्या आरशाला ‘वेस्ट कोस्ट’ आरसा म्हणतात. सहा-सात इंच रुंद, सोळा इंच उंच. त्याची खुबी उंचीत नाही, पकडीत आहे. गोल आरसा पाठीमागे एकाच गोळीवर टेकलेला असतो. हा उभा आरसा वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही टोकांना धरलेला असतो, आणि त्याची दांडी दारावर एका ठिकाणी न टेकता पाय फाकून उभी राहते. तिपाई डगमगत नाही, त्यातलाच प्रकार. पिकअपसाठी याची बुटकी आवृत्ती निघाली, तिला ‘ज्युनियर वेस्ट कोस्ट’ म्हणतात. वर्षातून एकदाच ट्रेलर ओढणारे मडगार्डला पट्ट्यांनी बांधायचे आरसे घेत. ते कामचलाऊच.

आज या गाड्या त्यांच्या काळाला धरून सजवणाऱ्यांना याच ज्युनियर आरशांची ओढ असते. ते बसवण्याचं काम मात्र दिसतं तितकं सोपं नाही. आधी चालकानं आपल्या नेहमीच्या बैठकीत बसायचं आणि दुसऱ्यानं बाहेर आरसा हातात धरून पुढेमागे सरकवायचा. दाराच्या पुढच्या कोपऱ्यात हवेची तिकोनी काच असते. तिची उभी पट्टी आरशाच्या आड येता कामा नये, आणि ती काच बाहेर उघडताना दांडीवर आपटताही कामा नये. जागा ठरली की कागदी टेपवर खुणा, मग टोच्यानं बारीक खळगा, नाहीतर ड्रिल रंगावरून घसरलंच म्हणून समजा. भोक पाडताना खिडकीची काच पूर्ण वर हवी. बोल्ट मात्र काच खाली घेऊन तपासायचा, कारण तो अर्धा इंच जास्त लांब असला तरी उतरणारी काच त्यावर येऊन बसते. भोकाच्या कडेला प्रायमर, दांडीच्या पायाखाली रबर, पत्र्याच्या आतून जाड पट्टी. ही पट्टी टाळली तर पातळ पत्रा आत-बाहेर होत राहतो आणि हॅरून यांचा थरकाप पुन्हा आपल्या दारी येतो.

या गाड्यांत चालक डावीकडे बसतो, त्यामुळे उजवीकडचा आरसा डोळ्यापासून डावीकडच्याच्या दुपटीहून लांब असतो, म्हणून तीच सपाट काच तिकडे निम्म्याहून कमी रस्ता दाखवते. त्यावर छोटा गोल फुगीर आरसा चिकटवायची रीत याच अडचणीतून आली. मोठ्या काचेवरच मात्र ‘वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत’ अशी इंग्रजी सूचना कोरलेली असेल, तर ती काच साठच्या दशकातली नव्हे. ही सूचना नंतरच्या फुगीर आरशांबरोबर आली. विकणारा काहीही सांगो, असा आरसा १९६५च्या गाडीवर चढवू नये.

आणि प्रत्येक जुन्या पिकअपला मोठे आरसे शोभतात असंही नाही. पन्नास सालची, गावातल्या गावात माल पोचवणारी गाडी एका छोट्या गोल आरशावरच आयुष्य काढून गेलेली असते. तिच्यावर क्रोमची ही कमान लादणं मला साफ चुकीचं वाटतं.

गाडीचं आयुष्य कसं गेलं ते दारालाच विचारता येतं. पूर्वीच्या मालकांनी भोकं बुजवून वरून रंग मारलेला असतो, बाहेरून काही कळत नाही. आतलं पॅनल काढून टॉर्च मारला की पत्र्याच्या पाठीवर वेल्डिंगचे गोल डाग दिसतात. त्यांच्यामधलं अंतर मोजा आणि ज्युनियर दांडीच्या पायांशी ताडून बघा. जुळलं तर तीच भोकं पुन्हा उघडा. ड्रिल हातात घेण्याआधी एवढं कराच.